वळकटीचं गजकर्ण

माझ्या मामांना मांजरं आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची हकीकत ऐकली की लोक हमखास म्हणतात, "काय हो जीव त्यांचा त्या मांजरावर!" जीव मामीचा होता. मामांचा आणि मांजराचा संबंध एवढाच, की दोघं एका घरात राहत आणि समोरासमोर आले की एकमेकांना वाट देत.

मामा केस कापतात. रस्त्यावर दुकान, दुकानाच्या मागे दोन खोल्या, तेच घर. दुकानात खुर्च्या दोन, पण कापणारा हात एकच. दुसरी खुर्ची वाट बघणाऱ्याची. दिवसभर केसांत उभा राहणारा माणूस घरात एक केस खपवून घेत नसे, आणि मामीनं नेमकं मांजर आणलं. थंडीत पायरीवर गोळा होऊन पडलं होतं, गुंडाळून ठेवलेल्या अंथरुणासारखं, म्हणून तिनं त्याचं नाव वळकटी ठेवलं. मामा नावानं हाक मारत नसत. "ती" म्हणत. मामीलाही ते "ती"च म्हणत. "ती जेवली का?" असं मला विचारलं, की आतून मामीच ओरडे, "कुठली? दोन पायांची की चार पायांची?"

मामी जाऊन दोन वर्षं झाली. ती गेल्यावर वळकटी तीन दिवस तिच्या खाटेखाली बसून होती. चौथ्या दिवशी दुकानात आली आणि दुसऱ्या खुर्चीवर चढली. मी हाकलायला उठले तर मामा म्हणाले, "बसू दे. कुठं जाणार ती तरी." तेव्हापासून गिऱ्हाईक उभं राही आणि मांजर बसे.

मामांचं नाव होतं ते स्वच्छतेबद्दल. प्रत्येकाला धुतलेलं कापड, प्रत्येक दाढीला नवं पातं, फण्या औषधाच्या बरणीत बुडवलेल्या. मशीन वापरलं की ब्रशनं झाडायचं, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, तेलाचा थेंब सोडायचा. चाळीस वर्षांत आपल्या खुर्चीवरून उठलेल्याला मानेवर साधी पुळी आली नाही असं ते सांगत, आणि त्यांना खोटं पाडायला कुणी आलेलं नव्हतं. आया आपल्या लहान मुली त्यांच्याकडे एकट्या पाठवत. समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांची सात वर्षांची मुलगी दर महिन्याला यायची. केस मानेपर्यंत कापायचे आणि मानेवर हलकं मशीन फिरवायचं. या मुलीला मांजराची भारी भीती. ती दारात दिसली की वळकटीला मागच्या खोलीत कोंडायचं, मगच ती पायरी चढायची.

मागच्या हिवाळ्यात वळकटीच्या कानामागे एक चट्टा उठला. नाण्याएवढा, गोल. मधले केस गेलेले, कडेचे अर्ध्यात तुटलेले, कातडीवर राखाडी कोंडा. फारशी खाजवतही नव्हती. मामांना वाटलं, वय झालं, गळत असतील. मग दुसरा चट्टा कानावर उठला आणि तिसरा पुढच्या पायावर.

आणि मग मामांनी जे केलं ते फक्त केस कापणाराच करू जाणे. दुसऱ्या कुणी तेल लावलं असतं, हळद लावली असती, काहीच केलं नसतं. मामांनी मशीन काढलं. सुट्टीचा दिवस होता. दुकानाचं दार आतून लावून वळकटीला खुर्चीवर बसवलं, माणसाला गुंडाळतात तसं गळ्याशी कापड गुंडाळलं आणि चट्ट्यांभोवतीचे केस अगदी बारीक उतरवले. मलम कातडीपर्यंत पोचावं, एवढाच हेतू. मलमही माणसांचंच, औषधाच्या दुकानातून आणलेलं. मग मशीन झाडलं, स्पिरिटनं पुसलं, तेल सोडलं आणि जागेवर ठेवलं. मला कौतुकानं सांगितलं, "तुझ्या मामीच्या मांजराची कटिंग केली. हललीसुद्धा नाही. माणसांपेक्षा बरी."

मी हसले. दुसऱ्या दिवशी त्या मशीनखाली कुणाकुणाच्या माना आल्या, हे विचारायचं मला सुचलं नाही.

तीन आठवड्यांनी शिवणवाल्या बाई दुकानात आल्या. गळ्यात मोजायची टेप तशीच, म्हणजे हातातलं काम टाकून आल्या होत्या. मुलीच्या मानेच्या वर, केस सुरू होतात तिथं, गोल चट्टा पडला होता आणि केस झडले होते. कातडीच्या डॉक्टरांनी गजकर्ण सांगितलं होतं आणि विचारलं होतं, घरात किंवा शेजारी मांजर-कुत्रं आहे का?

"काका, तुमच्या मांजराला चट्टे आहेत ना?" बाई म्हणाल्या.

"आहेत."

"मग ते मांजर इथून जाऊ द्या. माझी पोर शाळेत रुमाल बांधून जाते. मुली विचारतात, काय झालं म्हणून."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडायचं काम रस्त्यानं केलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाकडे उपाय तयार होता. कुणी म्हणालं पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडा. कुणी म्हणालं मासळीबाजारात सोडा, तिथं खाऊनपिऊन सुखी राहील, तुमचाही सुंठीवाचून खोकला जाईल. मामा सगळ्यांना "बघतो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वळकटीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी खोलीत अंधार करून जांभळ्या उजेडाचा दिवा धरला. चट्ट्याच्या कडेचे काही केस हिरवट चमकले. "दरवेळी चमकतातच असं नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून नमुना तपासायला पाठवू." दात घासायच्या नव्याकोऱ्या ब्रशनं अंगभर विंचरून त्यांनी केस पाकिटात भरले. मग चट्ट्यांवर बोट ठेवून विचारलं, "हे केस कुणी कापले?"

"मी," मामा म्हणाले.

"असं करू नका, काका. मशीननं कातडीला बारीक ओरखडे जातात, तिथून हे पसरतं. आणि ही बुरशी केसातच असते. कापलेला केस उडाला की तीही उडते. खुर्चीवर, फणीवर, कापडावर महिनोन्महिने जिवंत राहते."

"मशीन स्पिरिटनं पुसलं तर?"

"वरवर पुसून भागत नाही. आधी पात्यातला केसाचा कण न् कण काढायचा, मग जंतुनाशकात भिजवून ठेवायचं. का हो?"

मामांनी उलट विचारलं, "मांजराला हातच लावला नाही, तरी माणसाला होतं?"

"केसातून होतं की."

परत येताना रिक्षात मामांनी टोपली मांडीवर घेतली होती. ते म्हणाले, "ती मुलगी मांजराच्या वाऱ्याला उभी राहत नाही. माझ्याकडे आली ती कटिंगच्या दुसऱ्या दिवशी. मानेवर मशीन मी फिरवलं."

मी एका वकिलांकडे टाइपिंग करते. तिथं बसून बसून मला एक गोष्ट पक्की कळली आहे: कुणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही. तेच मी मामांना ऐकवलं. म्हटलं, "मामा, गप्प राहा. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकांनी मांजराला दोष दिलाय, देऊ द्या. मांजर मी कुणाच्या तरी शेतावर पाठवते. महिन्याभरात सगळे विसरतील. मांजराला कुठं अब्रू असते?"

हे मी बोलले. त्याची मला आजही लाज वाटते, पण मी बोलले.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," मामा म्हणाले. मग टोपलीच्या झाकणावर हात ठेवून म्हणाले, "ती जाताना मला म्हणाली नाही, की मांजर सांभाळा म्हणून. म्हणायची गरज नाही असं तिला वाटलं असेल."

संध्याकाळी ते रस्ता ओलांडून समोर गेले. मी मागे. बाईंनी दार उघडलं.

"ताई, मुलीला मांजरानं दिलं नाही. मी दिलं. मांजराचे केस मी दुकानातल्या मशीननं कापले आणि तेच मशीन दुसऱ्या दिवशी मुलीच्या मानेला लावलं. पुसलं होतं. पण ते पुसणं पुरेसं नव्हतं, हे मला आज कळलं."

आत मुलगी गृहपाठ करत होती, डोक्याला निळा रुमाल. "काका," बाई म्हणाल्या, "मी तिला तुमच्याकडे डोळे मिटून पाठवत होते." आणि त्यांनी दार हळूच लावलं. धाडकन लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर मामांच्या अक्षरात कागद लागला. "माझ्या मांजराला गजकर्ण झालं आहे. माझ्या चुकीमुळे ते दुकानातल्या मशीनवाटे एका मुलीला झालं. अमुक तारखेपासून इथं केस कापलेल्यांनी अंगावर गोल चट्टा आला तर डॉक्टरांना दाखवावं. दुकान बंद आहे." एवढं लिहून ते घरोघर निघाले. वही-बिही काही नव्हती. पण मामा नावं विसरतात, डोकी विसरत नाहीत. तीन आठवड्यांत खुर्चीवर बसलेलं एकेक डोकं आठवून त्यांनी दारं ठोठावली. निवृत्त पोस्टमनच्या मानेवर चट्टा निघाला, आणखी एकाच्या कानापाशी. खुद्द मामांच्या मनगटावर एक होता, तो त्यांनी बाही खाली ओढून झाकला होता. काहींनी पाठ थोपटली. काहींनी तोंडावर सांगितलं, हे हात दाखवून अवलक्षण आहे. पाठ थोपटणाऱ्यांपैकीही पुढे किती आले हे मी बघितलंय.

मग सुरू झाली ती वळकटीची कैद. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, घरभर फिरू दिलंत तर घर धुता धुता जन्म जाईल; एकच खोली द्या, पुसता येईल अशी, पण उजेड आणि वारा असलेली. मामांनी मागची खोली रिकामी केली. गादी, पडदा, मामीची खाटसुद्धा बाहेर काढली. फरशी, एक खोकं, त्यात रोज बदलायचं जुनं फडकं, पाणी, खाणं, शी-शूसाठी माती भरलेला ट्रे. आत जाताना मामा जुना सदरा आणि रबरी हातमोजे घालत, बाहेर आले की सदरा वेगळ्या बादलीत टाकत आणि साबणानं कोपरापर्यंत हात धूत.

पोटात द्यायचं औषध तिच्या वजनावर ठरलेलं होतं. त्याआधी रक्त तपासलं, कारण ते यकृताला जड पडू शकतं. एक आठवडा रोज द्यायचं, एक आठवडा थांबायचं, परत द्यायचं. खाणं सोडलं, उलट्या झाल्या तर लगेच कळवायचं. माणसांचं मलम मामांनी डॉक्टरीणबाईंसमोर टेबलावर ठेवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मांजर अंग चाटतं, काका. तुम्ही लावाल आणि ती खाईल."

आठवड्यातून दोनदा अंघोळ. गंधकाचं औषध पाण्यात मोजून मिसळायचं, कोमट करायचं, आणि डोळे-तोंड सांभाळून तिला कातडीपर्यंत भिजवायचं. धुवायचं नाही, अंगावरच वाळू द्यायचं, आणि वाळेपर्यंत चाटू नये म्हणून गळ्यात भोंग्यासारखी कॉलर. त्या औषधाला नासक्या अंड्यांचा वास येतो. पहिल्या अंघोळीला मी धरलं होतं. वळकटीनं मला दोन ओरखडे दिले, मामांना एकही नाही. मांजर पिवळं झालं, मामांची बोटं हातमोज्यातून पिवळी झाली, आणि मी वकिलांकडे गेले तर अशिलानं खिडकी उघडली.

खरी परीक्षा सफाईची होती. मामांनी आयुष्यभर केस झाडूनच काढले. आता झाडू बंद; कोरड्या झाडूनं केस उडतात आणि बुरशी घरभर जाते. रोज ओल्या फडक्यानं केस टिपायचे, फडकं फेकून द्यायचं, मग साबणानं फरशी धुवायची. आठवड्यातून दोनदा ब्लीच पाण्यात पातळ करून, खिडक्या उघडून, दहा मिनिटं ठेवायचं आणि परत साध्या पाण्यानं पुसायचं, तोवर वळकटी दुसरीकडे टोपलीत. शेजारच्या आजींनी मदत म्हणून फिनेलची बाटली आणून दिली. मामांनी ती हात जोडून परत केली. मांजराच्या पंजाला फिनेल लागलं आणि तिनं ते चाटलं तर ती मरते, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. दुधानं पोळलेला माणूस ताकही फुंकून पीत होता.

आणि रोज अर्धा तास तिच्याजवळ बसायचं. हेही डॉक्टरीणबाईंनीच सांगितलेलं. एकटं पडलेलं मांजर खात नाही. मामा फरशीवर बसत, पाठ भिंतीला टेकून. काय करत कुणास ठाऊक. एकदा मी डबा घेऊन आले तर आतून त्यांचा आवाज आला. मी दाराबाहेर थांबले.

"आजारपणात तुझ्याशी बोलायची," ते म्हणत होते. "मी दुकानात असायचो, मला आवाज यायचा. काय सांगायची गं तुला? मला तर काही सांगितलं नाही."

मी डबा पायरीवर ठेवला आणि परत गेले.

पाचव्या आठवड्यात वळकटीचे चट्टे भरले. असे भरले की कुठं होते ते सांगता येईना. मामांनी तिला उजेडात धरलं, केस उलटे करून बघितले, सुलटे करून बघितले. म्हणाले, "झालं. केस आले म्हणजे कातडी बरी." चाळीस वर्षं ते केसांवरून माणूस ओळखत आलेले. मीही म्हटलं, उघडा आता दुकान. तपासणीचा नमुना गेला, दोन आठवड्यांनी उत्तर आलं: बुरशी अजून आहे.

मामांनी कागद दोनदा वाचला आणि खुर्चीवर बसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा ते म्हातारे दिसले. "म्हणजे बघून कळत नाही," ते म्हणाले. "मग मी इतकी वर्षं काय बघत होतो?" ते उठले, सदरा बदलला, हातमोजे चढवले आणि फडकं ओलं केलं.

लागोपाठ दोन नमुने स्वच्छ येईपर्यंत औषध थांबवायचं नाही, असा नियम होता. समोरच्या बाई खिडकीत बसून शिलाई मशीन चालवत. मामा दारात उभे राहिले की त्या मान वर करत नसत. मुलगी शाळेतून येताना मात्र मामा बघत. आधी निळा रुमाल, मग रुमालाशिवाय, मग मानेवर कोवळे केस. "भरतायत," एवढंच ते मला सांगत, आणि ते ज्या आवाजात सांगत त्यात आनंद कमी आणि दुखणं जास्त होतं.

पहिला स्वच्छ नमुना आला. मग दुसरा आला. तोवर साडेतीन महिने झाले होते. मामांनी जुनं मशीन, जुन्या फण्या, ब्रश, कापडं, सगळं टाकून दिलं. खुर्च्यांना नवं कव्हर चढवलं, भिंती धुतल्या. नवी दोन मशीनं आणली. एक वापरात असेल तेव्हा दुसरं औषधात. दारावरचा जुना कागद त्यांनी काढला नाही. त्याखाली दुसरा लावला: "मांजर बरं झालं आहे. दोन तपासण्या स्वच्छ आल्या. दुकान उघडलं आहे."

पहिल्या दिवशी मी रजा काढून जाऊन बसले. सकाळी एकजण आला, दोन्ही कागद वाचले, "नंतर येतो" म्हणून गेला. पोस्टमन आले, पण गप्पा मारून उठले; म्हणाले, परवाच कापले. मामांनी धुतलेली कापडं उलगडली, परत घडी घातली. दुपार झाली. मी पेपरमधला एकच मजकूर तिसऱ्यांदा वाचत होते.

मग शिवणवाल्या बाई रस्ता ओलांडून आल्या. एकट्या. खुर्चीवर बसल्या, अंबाडा सोडला. केस कमरेपर्यंत होते.

"मानेपर्यंत कापा," त्या म्हणाल्या. "मुलीचे कापायचात तसे."

मामा जागेवरच उभे राहिले. "ताई, तुमचे एवढे लांब..."

"तिला आत्ता पाठवणार नाही मी. आधी माझे. महिनाभर बघते, मला काही होतं का ते."

मामांनी नवं कापड त्यांच्या गळ्याशी बांधलं. वेणी घालून कापली आणि ती त्यांच्या हातात दिली. कात्रीचं काम झालं. मशीन उचललं. मामा थांबले. पाती बाईंच्या डोळ्यांसमोर धरली आणि त्यांनी नीट बघेपर्यंत धरून ठेवली. बाईंनी बघितली, मान खाली घातली. मामांनी मानेवर मशीन फिरवलं.

झाल्यावर त्यांनी मागून छोटा आरसा धरला. बाईंनी केस बघितलेच नाहीत. मानेची कातडी बघितली, या बाजूनं, त्या बाजूनं, आणि उठल्या.

"महिन्यानं पाठवते तिला," त्या दारातून म्हणाल्या.

"महिना नको, ताई," मामा म्हणाले. "दीड महिना बघा. मग पाठवा."